अजनीचा पूल, रोल नंबर सत्तावीस

एका रोलमध्ये बारा फोटो.
महिन्याला एक रोल,
मिलच्या पगारात त्याहून जास्त धूर परवडत नव्हता.

मे महिन्यात खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा,
गळ्यात क्लिक-थ्री,
आणि कठड्याला कोपर टेकवावं तर चटका.
स्टेशनाकडून आधी धूर दिसायचा,
मग तो ठेका,
तीन ठोके आणि एक गिळलेला,
तीन ठोके आणि एक गिळलेला,
वर्ध्याची पॅसेंजर ओढत
डब्ल्यूडीएम-टू पुलाखाली यायचं
आणि पूल माझ्या तळपायांतून बोलायचा.

शटर मंद. वेगात आलेली जी.टी.
पोळीवर लोणी फासावं तशी उमटायची.
म्हणून मला पॅसेंजर आवडायची,
रखडणारी, सिग्नलला थांबणारी, फोटोला बसणारी.

नंबर वहीत. रंगही वहीत,
कारण रोल काळापांढरा:
"मरून. मधे पिवळा पट्टा. नाकावर धुरळा."

एकदा आरपीएफचा जवान आला.
"काय करून राह्यला बे इथं?"
मी वही दिली. त्यानं पानं उलटली,
आकडेच आकडे.
आवाज खाली आणून म्हणाला, "मटका?"
आणि सतरा हजारातला एक आकडा
तळहातावर लिहून घेऊन गेला.
लागला की नाही, कळलं नाही.
पण पुन्हा कधी त्यानं मला हटकलं नाही.

रात्री मोरीत, लादीच्या तुकड्यावर
डेव्हलपरची बाटली.
नागपूरच्या पाण्यात उन्हाळ्यात फिल्मचं कातडं सुटतं.
विमल म्हणायची,
सरबताला नाही मिळत घरात एवढा बर्फ.

माणूस नको, हा माझा नियम.
पुरतं इंजिन दिसावं, नंबर वाचता यावा.
हात हलवणारी पोरं पांगेस्तोवर मी थांबायचो.
कॅबमधून कुणी बाहेर झुकलं
तर वहीत लिहायचो: वाया.

मग रुळांच्या कडेनं खड्डे खणले गेले.
खड्ड्यांत खांब, खांबांवर तारा.
काही दिवस इंजिनं तीच राहिली,
पण प्रत्येकाच्या कपाळावर खांबाची सावली.
नंतर बिनधुराची आली.
मी कॅमेरा कपाटात ठेवला.
रुसलो होतो म्हणा.

गेल्या दिवाळीनंतर एक बाई आल्या,
संघमित्रा ढोके. कुणीतरी पत्ता दिला होता.
वडील, लहानू ढोके, डिझेल असिस्टंट.
"कामावरचा एकही फोटो नाही जी.
घरी आहे तो पासवरचा,
त्याच्या डोळ्यावर शिक्का."

काचेखाली बल्ब लावून आम्ही दोघं
एक्केचाळीस रोल पाहिले.
नंबर सगळे स्वच्छ. जाळ्या, बफर, हेडलाइट,
पत्र्याचे खिळेसुद्धा मोजता येतील.
खिडक्या काळ्या.

रोल सत्तावीस, नववा फोटो.
खिडकीच्या चौकटीवर एक कोपर,
गुंडाळलेली बाही,
मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूनं.
वहीत पाहिलं. नऊ: वाया.

"बाबाचं आहे हे," त्या म्हणाल्या.
"घड्याळ असंच घालायचे ते."
मी म्हणालो, असं पुष्कळ जण घालत.
त्यांनी ऐकलं नाही. काचेवर बोट ठेवलं,
कोपराच्या थोडं अलीकडे,
चटका बसेल तसं.

"रंग कोणता होता?"
मी चष्मा लावला, वाचून दाखवलं:
मरून, मधे पिवळा पट्टा.
"शर्टाचा जी."

मी पान उलटलं. मागचं उलटलं.
वार होता, वेळ होती,
गाडी किती मिनिटं उशिरा, तेही होतं.